कधीच नसलेल्या रात्रीची कॉपी

फोनवर पॅनोरमा काढताना मध्येच कुणी चालत गेलं तर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. दोन डोक्यांचा मामा, किंवा मागचं अर्धं धड गायब झालेलं कुत्रं. यात फोनची काही चूक नसते. डावीकडचं त्याने आठ सेकंदांपूर्वी पाहिलं, उजवीकडचं आत्ता पाहिलं आणि दोन्ही जोडून एक चित्र दिलं. त्यातला तुकडा न् तुकडा खरा असतो. फक्त सगळं मिळून तसं दिसत होतं, असा क्षण कधी आलेलाच नसतो.

चालू सर्व्हरवरच्या गिट रेपॉझिटरीचा बॅकअप साध्या कॉपीने घेतला की नेमकं हेच होऊ शकतं. पॅनोरमातलं कुत्रं निदान लगेच दिसतं. बॅकअप उघडून कोण बघतो?

मी ज्या कंपनीत काम करते ती पुण्यात आहे आणि छोटी आहे. आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवतो. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजन होतं. ऊस उतरवून रिकामा परत येतो, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. पावती छापली जाते. ऐकायला इतकं सोपं आहे की कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना सांगितलं की ते विचारतात, "वजाबाकीसाठी पगार देतात?" पण या वजाबाकीवर आपल्याकडे किती भांडणं झाली आहेत ते ऊसपट्ट्यातल्या कुणालाही विचारा. 'काटामारी' हा शब्द तिकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट पहिल्यापासून आहे. पावतीच्या तळाशी, बारीक अक्षरात, सात अक्षरांचा एक कोड छापला जातो. ती कोडची आवृत्ती. गिटमधल्या ज्या कमिटपासून ते सॉफ्टवेअर बनलं, त्याच्या हॅशची पहिली सात अक्षरं.

हा हॅश म्हणजे आम्ही आमच्या मनाने दिलेला नंबर नव्हे. त्या क्षणीच्या सगळ्या फाइल्स, त्याआधीचा सगळा इतिहास, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ, या सगळ्यातून गणित करून तो निघतो. एक स्वल्पविराम बदलला तर वेगळाच हॅश येतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर लिनक्स कर्नलचा कोड होता, उसाचा काटा नक्कीच नव्हता. पण शेतकऱ्याच्या खिशातल्या चुरगळलेल्या कागदावर आमच्या कोडचा जणू अंगठा उमटलेला असतो, याचं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून अप्रूप आहे.

अंगठा जुळवायचा तर माणूस हजर पाहिजे. म्हणजे तो कमिट आमच्याकडे सापडला पाहिजे.

बॅकअपची स्क्रिप्ट आमच्या सिनियर सरांनी लिहिली होती, मी कंपनीत येण्याच्या कितीतरी आधी. रात्री दोन वाजता सगळ्या रेपॉझिटरीज टार करून दुसऱ्या खोलीतल्या स्टोरेजवर टाकायच्या. जागा कमी, म्हणून नवी कॉपी आली की जुनी पुसायची. दोनची वेळ का? तर तेव्हा कुणी काम करत नाही. आणि ही गोष्ट ती स्क्रिप्ट लिहिली तेव्हा खरीही होती. तेव्हा तीन कारखाने होते आणि बदल करायचा तर सर स्वतः एसटीने सीडी घेऊन जायचे. नंतर कारखाने वाढले, गावोगाव नेट आलं. गाळप हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. रात्री दीड वाजता काटा अडला तर गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते आणि आमचा माणूस तिथेच केबिनमध्ये बसून दुरुस्ती करतो, फोनच्या हॉटस्पॉटवरून पुश करतो. म्हणजे हंगामात रात्रीचे दोन ही आमच्या सर्व्हरची सर्वांत शांत वेळ उरलीच नव्हती.

आता गिट आतून कसं असतं ते थोडं सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

गिटच्या फोल्डरमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक म्हणजे ऑब्जेक्ट्स: फाइल्सचा मजकूर, फोल्डरच्या याद्या, कमिट्स. दुसरं म्हणजे रेफ्स: 'या ब्रँचचं टोक अमुक हॅशवर आहे' एवढंच सांगणाऱ्या चिठ्ठ्या. नवे ऑब्जेक्ट्स सुट्या फाइल्स म्हणून साठत जाऊ शकतात. त्यांची गर्दी झाली, ठरीव मर्यादा साधारण ६,७०० ची असते, की गिट स्वतःहून आवराआवर काढतं. सुट्या फाइल्स एका मोठ्या पॅक फाइलमध्ये बांधतं आणि मग त्या सुट्या फाइल्स पुसून टाकतं. घर बदलताना भांडी खोक्यात भरून मांडणी रिकामी करावी तसं.

आता कल्पना करा, घरातल्या सामानाची यादी करायला एक माणूस आला आहे. तो आधी खोक्यांच्या खोलीत गेला, तिथली जुनी दोन खोकी लिहून घेतली. तो बाहेर पडल्यावर तुम्ही मांडणीवरची भांडी नव्या खोक्यात भरलीत आणि खोकं त्याच खोलीत नेऊन ठेवलंत. मग तो स्वयंपाकघरात आला. मांडणी रिकामी! त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: भांडी नाहीत. घरातून काहीही गेलेलं नाही, त्याने काहीही खोटं लिहिलेलं नाही, तरी यादीत भांडी नाहीत. टारने आमच्याकडे हेच केलं. फोल्डर्स कोणत्या क्रमाने वाचायचे याचा त्याचा काही नेम नसतो. पॅकचं फोल्डर आधी वाचून झालं, मग कुणाच्या तरी पुशमुळे आवराआवर सुरू झाली, मग टार सुट्या फाइल्सकडे वळला. त्याने तक्रारही केली होती. वाचण्याआधीच फाइल काढून टाकली गेली, अशा अर्थाच्या ओळींची रांगच लॉगमध्ये होती. स्क्रिप्ट अशा तक्रारींना किरकोळ समजून पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, सर्व्हरची डिस्क गेली.

स्टोरेजवरची कॉपी उतरवली. साठएक रेपॉझिटरीज नीट उघडल्या. काट्याची, म्हणजे जिच्यावर कंपनी चालते ती, उघडली नाही. गिटमध्ये 'एफएसके' म्हणून एक तपासणी असते. प्रत्येक ऑब्जेक्ट जागेवर आहे का, हॅश जुळतो का, ते बघते. ती चालवली तर स्क्रीनभर 'मिसिंग, मिसिंग' वर सरकत राहिलं. मागच्या आवराआवरीनंतरचं, सुमारे पाच आठवड्यांचं काम त्या कॉपीत नव्हतं. त्यातलं बहुतेक आमच्या लॅपटॉपवरच्या क्लोन्समधून संध्याकाळपर्यंत भरून निघालं. गिटची ही मेहेरबानी की प्रत्येकाकडे इतिहासाची पूर्ण प्रत असते. आम्ही नऊ जणांनी आळीपाळीने आपापले लॅपटॉप जोडले आणि 'मिसिंग'ची यादी खाली येत गेली. शेवटी एका ब्रँचवर येऊन अडली.

ती एका कारखान्याची ब्रँच होती. तिच्यावर काम करणारा सहकारी जानेवारीत नोकरी सोडून गेला होता. त्याचा लॅपटॉप रीतसर फॉरमॅट करून नव्या मुलीला दिलेला. आणि नेमक्या त्याच कारखान्यावर शेतकऱ्यांची तक्रार होती की जानेवारीच्या एका आठवड्यात काट्याने कमी वजन दाखवलं. वैधमापनवाले काटा तपासून गेले होते, काटा बरोबर होता. आता प्रश्न सॉफ्टवेअरचा होता. त्या आठवड्यात कोडमध्ये बदल झाला होता हे पावतीवरूनच कळत होतं, कारण तळाची सात अक्षरं बदलली होती. तक्रारदारांपैकी एकाने दोन पावत्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले होते आणि त्या सात अक्षरांभोवती लाल गोल काढला होता. काय बदललं, एवढंच त्यांना हवं होतं. रास्त प्रश्न.

आणि आमच्याकडे त्या हॅशचं नाव होतं, वस्तू नव्हती. हा त्या बॅकअपचा सर्वांत क्रूर भाग. रेफची चिठ्ठी कॉपीत नीट आलेली होती. ब्रँचचं टोक या हॅशवर आहे, असं चाळीस अक्षरांत लिहिलेलं होतं, पहिली सात पावतीवरच्या सातांशी तंतोतंत जुळत होती. फक्त त्या नावाचं काही बॅकअपमध्ये नव्हतं.

सर खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, "अगं, अकरा वर्षं चालली ती." मी काही बोलले नाही. खरं तर ती अकरा वर्षं चालली हे आम्हाला माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत ती कॉपी कुणी उघडली नव्हती. पण हे त्या दिवशी त्यांना सांगायची गोष्ट नव्हती.

त्या सहकाऱ्याला फोन केला. तो आता बंगळुरूला असतो. तो जरा घुटमळला आणि मग म्हणाला, "काट्याच्या केबिनमधल्या पीसीवर बघ. तिथे मी क्लोन केलं होतं. करायचं नसतं, माहितीये, पण रात्री नेट इतकं स्लो होतं की तिथेच बिल्ड करत होतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेले. कारखान्याच्या दोन किलोमीटर आधीच मळीचा वास सुरू होतो. केबिनमध्ये काटा क्लार्क एकटेच होते. "बसा की ताई, चहा सांगतो," म्हणाले आणि एका हाताने पावत्या फाडत राहिले. पीसीवर पाचटाची धूळ होती. फोल्डर डेस्कटॉपवरच होतं, नाव 'न्यू फोल्डर २'. मी आत जाऊन लॉग बघितला. पहिल्या ओळीत तीच चाळीस अक्षरं.

बदल होता पावतीच्या छपाईचा. लांब नावं दुसऱ्या ओळीत जाऊन कागद अडकत होता, ते दुरुस्त केलं होतं. वजनाचा हिशोब करणारी फाइल नोव्हेंबरपासून कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती. तक्रारदारांच्या प्रतिनिधीसमोर, कारखान्याच्या ऑफिसात, मी दोन्ही आवृत्त्यांमधला फरक ओळीओळीने दाखवला आणि तिथेच बिल्ड करून पावती छापली. त्यांनी स्वतःच्या खिशातली पावती काढून अक्षरं एकेक करून जुळवली. सातही. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. कारखान्याशी त्यांची भांडणं जुनी आहेत आणि बरीच आहेत. एवढंच की सॉफ्टवेअरचा मुद्दा त्यांनी त्यातून काढला.

परत येताना बसमध्ये मला ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची गोष्ट सारखी आठवत होती. कॉलेजात आम्ही ती विनोद म्हणून एकमेकांना सांगायचो. रात्री उशिरा, थकलेल्या एका इंजिनियरने डेटाबेसचं फोल्डर पुसायची कमांड दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की हा दुसराच सर्व्हर आहे, खरा, चालू. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. मग एकेक बॅकअप तपासायला घेतला. रोजचा डेटाबेस डंप जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे होतच नव्हता. तो होत नाही असं सांगणाऱ्या ईमेल्स वाटेतच नाकारल्या जात होत्या, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. बॅकअप साठवायची क्लाउडवरची जागा रिकामी होती. शेवटी कामी आला तो एक एलव्हीएम स्नॅपशॉट, जो त्याच इंजिनियरने साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून, हाताने घेतला होता. सहा तासांतला डेटा गेला. लोकांच्या गिट रेपॉझिटरीज वाचल्या, कारण त्या त्या डेटाबेसमध्ये नव्हत्याच. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, उलट डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्या बसमध्ये मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना. त्यांना एक चाचणीसाठीचा स्नॅपशॉट सापडला, आम्हाला 'न्यू फोल्डर २'. दोन्ही नशीबच.

तर स्नॅपशॉट. पॅनोरमाऐवजी साधा क्लिक.

पण तीनशे जीबीचा 'क्लिक' होतो कसा? कॉपीला तर वेळ लागणारच. यातली गंमत अशी की स्नॅपशॉट घेताना कॉपी केलीच जात नाही. फाइलसिस्टीम फक्त ठरवते की या क्षणी डिस्कवर जे ब्लॉक्स आहेत त्यांना यापुढे हात लावायचा नाही. नंतर एखादी फाइल बदलली तर बदललेला भाग नव्या जागी लिहायचा. जुना आहे तिथे राहू द्यायचा. झेडएफएस असंच करते. तिचं काम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ च्या सुमारास सुरू झालं. तिची मूळ रचनाच अशी आहे की वापरातला ब्लॉक कधी जागच्या जागी खोडायचाच नाही, त्यामुळे स्नॅपशॉट तिला जवळजवळ फुकट पडतो. लिनक्सवरचं एलव्हीएम जुन्या पद्धतीत उलटं करतं: नवं लिहिण्याआधी जुना ब्लॉक उचलून बाजूला ठेवतं. त्यासाठी राखून ठेवलेली जागा भरली तर तो स्नॅपशॉट बाद होतो, हे ज्याने एकदा अनुभवलंय तो विसरत नाही.

एकदा क्षण गोठवला की मग टार, आरसिंक, जे हवं ते त्या गोठवलेल्या प्रतीवर निवांत चालवा. चाळीस मिनिटं लागू देत. खाली खरा सर्व्हर चालू आहे, लोक पुश करतायत, आवराआवर होतेय, यादी करणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही. त्याच्यासाठी घर दोन वाजताच थांबलेलं आहे.

या गोठलेल्या क्षणी गिटचं काही काम अर्धवट असलं तर? असू शकतं. स्नॅपशॉटमधली अवस्था म्हणजे त्या क्षणी लाईट गेली असती तर डिस्कवर जे उरलं असतं, ते. आणि लाईट जाण्याची तयारी गिटने आधीच केलेली असते: आधी ऑब्जेक्ट तात्पुरत्या नावाने लिहायचा, पूर्ण झाला की खरं नाव द्यायचं, आणि रेफची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी बदलायची. म्हणजे कुठेही तोडलं तरी चिठ्ठी सहसा जुन्या टोकावर तरी असते किंवा नव्या, आणि दोन्ही ठिकाणी वस्तू हजर. हा क्रम पाळायला गिट समर्थ आहे. आपल्या कॉपीने तो क्रम मोडू नये, एवढंच.

हे सगळं मी सरांना फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी मधले प्रश्न असे विचारले की माझी दोन दिवस झोप उडाली. रेपॉझिटरीज एका फाइलसिस्टीमवर आणि डेटाबेस दुसरीवर असेल तर? दोन स्नॅपशॉट, दोन क्षण, पुन्हा पॅनोरमाच. (झेडएफएसमध्ये एका पूलमधल्या सगळ्यांचा एकाच क्षणी घेता येतो, म्हणून आम्ही दोन्ही एका पूलमध्ये आणलं.) आणि डिस्कच जळाली तर? स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, सोबत जळतो. म्हणून तो दुसऱ्या यंत्रावर पाठवायलाच हवा. नुसता स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मग त्यांनी विचारलं, की सरळ दुसऱ्या सर्व्हरवर आरसाच का नको, सतत जुळता? यावर माझ्याकडे केडीईचं उदाहरण होतं. २०१३ च्या मार्चमध्ये त्या प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइलसिस्टीम बिघडली, आणि सुमारे १,५०० रेपॉझिटरीजचे जगभरचे आरसे मुख्य सर्व्हरवर विश्वास ठेवून तोच बिघाड उतरवून घेत गेले. थोडक्यात वाचले. आरशाला काल आठवत नाही.

"म्हणजे आपली कॉपी वाईट नव्हती," सर म्हणाले. "तिला वेळ फार लागायचा."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

नव्या सर्व्हरवर पहिला स्नॅपशॉट त्यांनीच घेतला. एंटर दाबला आणि कर्सर लगेच परत आला. ते वाट बघत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहीतरी अडकलंय." अडकलं नव्हतं, झालं होतं. त्यांनी तरीही यादी काढून खात्री केली. आता दर पंधरा मिनिटांनी एक स्नॅपशॉट होतो, रोज रात्री दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जातो. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एका जुन्या डेस्कटॉपवर आदल्या रात्रीची प्रत उतरवून सगळ्या रेपॉझिटरीजवर एफएसके चालवते. याला पाऊण तास लागतो. मालकांनी सुरुवातीला विचारलं होतं की जे चाललंय ते दर महिन्याला कशाला तपासायचं. उत्तर सरांनी दिलं, मला द्यावं लागलं नाही.

गेल्या डिसेंबरच्या तपासणीत काट्याच्या रेपॉझिटरीत एक 'लॉक' फाइल सापडली. एखादी ब्रँच बदलत असताना गिट ती तात्पुरती ठेवतं आणि काम होताच काढतं. म्हणजे स्नॅपशॉट नेमका त्या क्षणात पडला होता. फाइलची वेळ बघितली: बरोबर दोन वाजता. रेफ जुन्या टोकावर होता, शाबूत. नवे ऑब्जेक्ट्सही येऊन बसलेले होते, फक्त चिठ्ठी बदलायची राहिली होती. लॉक पुसला, एफएसके पुन्हा चालवली, एकही 'मिसिंग' नाही. ग्रुपवर विचारलं, काल रात्री दोनला कोण पुश करत होतं?

कारखान्यावरून दोन मिनिटांत उत्तर आलं. "मी. का, काय मोडलं?"

"काही नाही," मी लिहिलं. "जेवलास का तेवढं सांग."